मुंगी नावाच्या ग्रहाबाबत खुलासा

आदरणीय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द सवयीने लिहिलेला नाही. उभ्याने नमस्कार करण्याइतकी माझी लायकी हल्ली उरलेली नाही, हे पुढे वाचाल तेव्हा आपल्यालाही पटेल.) आपला उजवा गुडघा कसा आहे? की डावा होता? मागच्या भेटीत आपण जिना उतरताना कठडा धरत होतात एवढं आठवतं, कुठल्या हाताने ते आठवत नाही. ताईंचं रक्तदाबाचं औषध बदलल्याचं हिच्याकडून कळलं. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांच्यासमोर वाचू नका. त्यांच्या हाती पडलं तर दुसरं पान उलटायच्या आत त्यांचा फोन इकडे येईल, आणि तो हीच उचलेल. शक्य असेल तर आपल्या बांधकामाच्या जागेवर जाऊन, काँक्रीट कालवायचं यंत्र चालू असताना वाचा, म्हणजे आपण हसलात तरी कुणाला ऐकू जाणार नाही. इकडे आम्हा दोघांची प्रकृती ठीक आहे. मला भूक लागते, झोप येत नाही. हिला दोन्ही व्यवस्थित लागतात, आणि तेच मला बघवत नाही.

पत्रास कारण असं की, आपण ज्या ग्रहासाठी भर हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी उठून टाळ्या वाजवल्यात, तो ग्रह नाही. नाही म्हणजे फार लांब आहे, किंवा अंधुक आहे, किंवा शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत, असलं काही नव्हे. मुळातच नाही. ज्या दिवशी मी माइक हातात घेऊन त्याला आपल्या मेहुणीचं नाव दिलं त्या दिवशीही नव्हता. ही गोष्ट संबंधित शास्त्रज्ञांना पहिल्यापासून ठाऊक होती, मला मागाहून कळली आणि आपल्याला आत्ता. हिला अजून ठाऊक नाही. तिला ते मीच सांगायला हवं. रोज सकाळी दात घासताना मी आज सांगायचंच असं ठरवतो, आणि चूळ भरेपर्यंत तो निश्चय पाण्याबरोबर मोरीत गेलेला असतो.

या सगळ्याचं मूळ तुमच्या इमारतीत आहे. दोष देत नाही, इमारत झकासच आहे. पण मागे तुम्ही आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला तिच्या दर्शनी भिंतीवर ताईंचं नाव लावलंत, तेही पितळी अक्षरांत, आणि एकेक अक्षर माझ्या छातीला येईल एवढं. आम्ही दोघं फुटपाथवर उभे राहून, माना वर करून पाहत होतो. ही एवढंच म्हणाली, छान दिसतंय हो नाव. परत येताना बसमध्ये अवाक्षर बोलली नाही. साडूभाऊ, मी उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात गळत्या शोधण्यात घालवला. वाहणाऱ्या नळाची मला कधी धास्ती वाटली नाही, तो कुणीही बंद करतं. भिंतीच्या आत ओल धरते ती वाईट. त्या दिवशी बसमध्ये मला ओल दिसली. पण माझ्याकडे इमारत कुठली? माझ्या नावावर ज्या काही दोन खोल्या आहेत त्यांच्या दारावर माझंच नाव आहे, आणि तेही अर्धं, कारण पाटी लहान पडली.

निवृत्तीनंतर मी घरात फार फिरतो अशी तक्रार होती (खरं म्हणजे मी फक्त स्वयंपाकघरातल्या नळाचे वॉशर तपासत असे), म्हणून आमच्या कन्येने मला एका उद्योगाला लावून दिलं. शास्त्रज्ञांनी एक वेबसाइट काढली आहे. त्यांच्या दुर्बिणी ताऱ्यांचा प्रकाश सतत मोजत असतात आणि त्याचे आलेख इतके साठतात की बघायला माणसं पुरत नाहीत. म्हणून ते आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना दाखवतात आणि विचारतात, बाबांनो, यात कुठे खळगा दिसतो का? माझ्या वाट्याला आले जोडतारे. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि आपल्या बाजूने पाहिलं तर आळीपाळीने एकमेकांना झाकतात. झाकलं की प्रकाश उतरतो. एक मोठा खळगा, मग एक लहान, पुन्हा मोठा, पुन्हा लहान, असं ते रहाटगाडगं. पण त्या जोडप्याभोवती एखादा ग्रह फिरत असला तर तो समोरून जाताना आणखी एक इवलासा खळगा पाडतो, आणि तो काही वक्तशीर नसतो. तारे स्वतःच जागा बदलत असल्यामुळे ग्रह त्यांच्यासमोर कधी लवकर येतो, कधी उशिरा. कॉम्प्युटर तिथे फसतो म्हणतात, त्याला ठरल्या वेळेला येणारं बरोबर कळतं. अवेळी येणारा पाहुणा ओळखायला माणूस लागतो. (हे मी भाषणातही सांगितलं होतं, पण आपण तेव्हा शेजारच्या गृहस्थांना जागं करण्यात गुंतला होतात.) माझं आयुष्य दाबाचे आलेख बघण्यात गेलेलं. पंपघरातल्या कागदावर सुईची रेघ किंचित खाली आली की कुठल्या गल्लीत पाइप फुटला ते मी खुर्चीवरून सांगत असे. तेव्हा हे आपलंच काम आहे असं मला वाटलं, फक्त पाइप जरा लांबचा.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले होते, हॉल ठरला होता, आणि हिला काय द्यावं हे सुचत नव्हतं. अशा वेळी एका आलेखात मला दोन मोठ्या खळग्यांच्या मधोमध एक बारीकसा खळगा दिसला. मी त्यावर खूण केली, बटण दाबलं, आणि स्क्रीनवर एक चौकट आली. शाबास, तुम्ही जोडताऱ्याभोवतीचा एक ग्रह अचूक हेरला आहे, असं तीत लिहिलं होतं, खाली एका गुबगुबीत गोळ्याचं चित्र होतं आणि तो गुरूपेक्षाही मोठा असल्याचं म्हटलं होतं. मी खुर्चीवरून उठलो तो पुन्हा बसलोच नाही. इथे एक कबुली दिली पाहिजे. चष्मा लावण्याचा मला मनस्वी कंटाळा (ही त्याला कंटाळा म्हणत नाही, मिजास म्हणते), म्हणून मी कॉम्प्युटरवरची अक्षरं फुगवून वाचतो. इतकी फुगवून, की पानाचा वरचा तुकडा तेवढा स्क्रीनवर मावतो. त्या चौकटीत गोळ्याच्या खाली आणखी मजकूर होता. तो माझ्या स्क्रीनच्या खाली, म्हणजे माझ्या हिशेबी टेबलाच्या खणात कुठेतरी, राहिला. मी फोटो काढला आणि चौकट बंद केली.

पुढचं आपण डोळ्यांनी पाहिलं आहे, तरी लिहितो, कारण आठवण झाली की मला ते मध्येच थांबवता येत नाही. जेवणं झाल्यावर मी माइक मागून घेतला. माणसाने माइक मागून घेऊ नये, हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी म्हणालो की लोक बायकोचं नाव घराला देतात, दुकानाला देतात, इमारतीला देतात (इथे मी आपल्याकडे पाहिलं, आणि ते मी मुद्दाम केलं, तालीमही केली होती), पण इमारतीला कधी ना कधी रंग द्यावा लागतो. मी जे देतोय त्याला रंग लागत नाही. मग मी जाहीर केलं की दोन सूर्यांभोवती फिरणारा, गुरूपेक्षा मोठा असा एक ग्रह मला सापडला आहे आणि त्याचं नाव मी मुंगी ठेवत आहे. कुठेही लपवलेली साखर बरोबर शोधून काढायची म्हणून तुम्ही सगळे माहेरी हिला ज्या नावाने हाक मारता ते. नाव ठेवायचा अधिकार मला कुणी दिला होता? कुणीही नाही. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

मला वाटलं होतं तुमचा चेहरा उतरेल. खरं सांगतो, त्यासाठीच मी तुमच्याकडे बघत होतो, हिच्याकडे नाही. आणि तुम्ही काय केलंत, तर खुर्ची मागे सारून, दुखऱ्या गुडघ्यासकट उभे राहून, टाळ्या वाजवल्यात. मग सगळा हॉल उठला. तुम्ही मला मिठी मारून कानात म्हणालात, हरलो बुवा तुमच्यापुढे. साडूभाऊ, त्या मिठीत मी एवढा फुगलो होतो की आपल्याला हात पुरले कसे याचंच नवल वाटतं. आता ती आठवली की मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुमच्या इमारतीला मी जे लागट बोललो त्याबद्दल मला क्षमा करा. इमारत निदान आहे.

हिने तिथे काही केलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला. घरी आल्यावर मात्र माझ्या त्या फोटोची प्रत काढून आणली, तिला चौकट केली आणि फ्रिजच्या वर टांगली. दुधाचं पातेलं काढायला गेलं की तो गोळा माझ्याकडे बघतो.

सत्य कळलं ते असं. काही दिवसांनी हिने म्हटलं, मला माझा ग्रह बघायचाय. मी ऐटीत कॉम्प्युटर सुरू केला आणि जुने आलेख काढले. तिला ती भोपळ्याएवढी अक्षरं बघून मळमळायला लागलं, म्हणून तिने आधी ती लहान करून घेतली. एवढ्यात गॅसवर दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती उठली. मी बटण दाबलं, चौकट उघडली, आणि या वेळी ती अख्खी दिसली. गोळ्याखाली स्वच्छ लिहिलं होतं की हा ग्रह खरा नाही. स्वयंसेवकांची नजर कितपत तयार आहे हे तपासण्यासाठी आम्ही काही आलेखांत खोटे खळगे पेरून ठेवतो, त्यांपैकी हा एक. असेच शोधत राहा. म्हणजे बघा, वर्गात बाई मुद्दाम फळ्यावर चुकीचं लिहितात आणि मुलांनी चूक काढली की शाबास म्हणतात, तेवढं ते शाबास होतं. तेवढ्यावर मी भर हॉलमध्ये माइक मागून घेतला होता. स्वयंपाकघरातून ती विचारत होती, दिसला का हो? माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. चौकट बंद केली आणि म्हणालो, आज वेबसाइट बंद दिसतेय.

तिथे सांगून टाकलं असतं तर गोष्ट दुधाबरोबर उतू जाऊन संपली असती. पण एक खोटं निस्तरायला दुसरं लागतं. ग्रह आता सूर्याच्या आड गेलाय. (कुठल्या सूर्याच्या? त्याला दोन आहेत. हे तिनेच विचारलं.) शास्त्रज्ञांनी ती फाइल पुढच्या अभ्यासाला नेलीय. तिकडे औषधांच्या दुकानदाराने तिला, काय म्हणतोय ग्रह, असं विचारायला सुरुवात केली. तिच्या जुन्या शाळेने तिला व्याख्यानाला बोलावलं. आपल्याला ठाऊकच आहे, तिने आयुष्यभर अगदी लहानग्यांचा वर्ग सांभाळला. त्याच वर्गात ती उभी राहिली, आणि जोडतारे म्हणजे काय हे मला जे हॉलमध्ये जमलं नव्हतं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं: पुढच्या बाकावर दोन धिप्पाड मुलं सारखी जागा बदलत असतात आणि त्यांच्या मागेपुढे एक चिमुरडं लपतछपत फिरत असतं, मोठ्यांकडे बघत बसलात तर ते कधीच दिसणार नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला पुष्पगुच्छ दिला. मला मागे छोट्यांच्या खुर्चीवर बसवलं होतं, गुडघे हनुवटीला लागले होते, आणि धरणीने पोटात घ्यायचं ठरवलंच असतं तर तिला फार वाकावं लागलं नसतं. ही मात्र इतकी टवटवीत दिसत होती की मी टाळ्या वाजवल्या.

आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. जेवणाची भांडी आवरली की ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि आम्ही दोघं आलेख बघायचो. इतकी वर्षं दुपारी ती आतल्या खोलीत आणि मी बाहेरच्या, अशी आमची वाटणी होती; भांडण नव्हतं, सवय होती. आता एका स्क्रीनसमोर दोन डोकी. खाती दोन नव्हती, खातं माझं, माउस माझ्या हातात, आणि बोट दाखवायचं काम तिचं. अवेळी पाऊस पडावा तसा हा संसार मला मिळाला, आणि त्याचा पाया म्हणजे फ्रिजवरचा तो गोळा. सांगितलं असतं तर हेही गेलं असतं, असं मी धरून चाललो.

आता ज्याची मला खरी लाज वाटते तिथे येतो. आतापर्यंतचं सगळं मूर्खपणात मोडतं, आणि मूर्खपणाला नातेवाईक माफ करतात. एका दुपारी एका जोडताऱ्याच्या आलेखावर तिने बोट ठेवलं. मोठ्या खळग्याच्या उतारावरच, जवळजवळ त्याच्यातच बुडालेला, एक लहानसा खळगा होता. मला नुसत्या डोळ्यांनी दिसेना. मी चष्मा लावला (चोरून), तेव्हा दिसला. आणि पाहिल्याबरोबर माझ्या मनात आलं ते हे, की हा पेरलेला असणार. चोराच्या मनात चांदणं. यावर खूण केली तर चौकट उघडेल, अक्षरं आता तिच्या मापाची आहेत, शेजारी ती चष्म्यासकट बसलेली, आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई आहे. पेरलेला हा शब्द तिने एकदा वाचला की तिचा ग्रह संपला. मी म्हणालो, काही नाही, यंत्राची उचकी आहे. तिने मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. नक्की? म्हणाली. मी म्हटलं, नक्की, पंपघरात असल्या उचक्या रोज बघितल्यात. ती आणखी एकदा म्हणाली, मला आहेसं वाटतं हो. मी हसलो. तिच्याकडे बघून, समजूतदारपणे, हसलो. आणि 'काही नाही' हे बटण दाबलं.

परवा ईमेल आला. एका जोडताऱ्याभोवती ग्रह असल्याची दाट शक्यता दिसली आहे, पुढे मोठ्या दुर्बिणीने तपासणी होईल, आणि ज्या स्वयंसेवकांनी तो खळगा हेरला त्यांची नावं निबंधात आभारपूर्वक छापली जातील. सोबत यादी, सोबत आलेख. आलेख मी लगेच ओळखला. ओळखला नसता तरी चाललं असतं, कारण ईमेलच्या शेवटी, ज्यांना ज्यांना हा आलेख दाखवला गेला होता त्या प्रत्येकाला उद्देशून एकेक ओळ होती. माझी ओळ अशी होती: हा आलेख तुम्हीही पाहिला होता. तुमचं उत्तर होतं, काही नाही. सहकार्याबद्दल आभार.

म्हणजे हिशेब असा झाला. जो ग्रह नव्हता, त्याला मी हिचं नाव दिलं. जो होता, तो हिने स्वतःच्या डोळ्यांनी शोधला, आणि तिथून हिचं नाव मी स्वतःच्या बोटाने काढलं. आणि ते का, तर पहिली थाप झाकून राहावी म्हणून. शास्त्रज्ञांचं त्यात काही अडलं नाही, इतरांनी तो पाहिलाच. अडलं ते फक्त हिचं, आणि तिला ते माहीतही नाही. ती अजून दुपारी खुर्ची ओढते आणि मला विचारते, इथे काही आहे का हो? मी गेले दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून पडून आहे. ती कपाळाला बाम लावते. तो डोळ्यांत जातो, त्यामुळे निदान पाणी कशाचं ते सांगावं लागत नाही.

तेव्हा साडूभाऊ, आपल्या टाळ्या मी परत करतो, मिठीही परत करतो, आणि इमारतीबद्दलचं बोलणं मागे घेतो. चिरंजीवांना आशीर्वाद. आपल्या गुडघ्याला, जो असेल त्याला, आराम पडो. लहान तोंडी मोठा ग्रह घेतल्याबद्दल क्षमस्व.

आपला,
पाणीवाला साडू

ता. क. खरं सांगायचं तर एवढं लांबण लावलं ते पुढच्या एका विनंतीसाठी. येत्या रविवारी आपण ताईंना घेऊन सहज म्हणून जेवायला या. आणि जेवता जेवता आपण म्हणावं की आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून असं कळलं, की त्या मुंगी ग्रहाबाबत शास्त्रज्ञांचीच काहीतरी गफलत झाली होती. तुमचा शब्द ती मानते. मी आश्चर्य दाखवीन. दुसऱ्या ग्रहाचा विषय काढायची गरज नाही, तो कुणालाच माहीत नाही. वर एवढी लाज व्यक्त केल्यावर मी हे सुचवतोय हे मलाही दिसतंय, पण मला दुसरं सुचत नाही.

ता. क. नंतरचा ता. क. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवायला मी डिंक शोधत होतो. डिंक कुठे असतो हे या घरात एकाच व्यक्तीला ठाऊक आहे. तिने विचारलं, एवढं जाड पत्र कुणाला? आणि हात पुढे केला. साडूभाऊ, मी धाडस केलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण माझ्या हाताने ते आपोआप तिच्या हातात ठेवलं. टेबलाशी बसून, पेपर तपासतात तसं, तिने पहिल्या ओळीपासून वाचलं. (तीन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केलेल्या दिसतील, त्या तिच्या.) तुम्ही टाळ्या वाजवल्यात तिथे ती थोडी हसली. बसमधल्या ओलीपाशी थांबून म्हणाली, त्या दिवशी नवी चप्पल चावत होती हो मला, म्हणून गप्प होते, विचारायचं होतंत. मग ती त्या दुपारच्या मजकुरापाशी आली. तो तिने पुन्हा वाचला. मला वाटलं आता पत्र फाटेल. तिने एवढंच विचारलं, म्हणजे ते तिथे होतं? मी म्हणालो, होतं. दाखवा, म्हणाली. ईमेलमधला आलेख मी उघडला, आणि तिने न शोधता, पहिल्याच झटक्यात, त्याच जागी बोट ठेवलं. मी माफी मागितली, नीट मागितली, इथे लिहिण्यासारखी नाही. शास्त्रज्ञांना सगळं कळवून तिचं नाव यादीत घालायला सांगतो असंही म्हणालो. ती म्हणाली, नावाचं राहू द्या. मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. मग बराच वेळ काही बोलली नाही आणि मीही, आयुष्यात पहिल्यांदा, त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला नाही.

अगदी शेवटचं. आपल्या ऑफिसात एखादा जुना कॉम्प्युटर पडून असेल तर कुणाबरोबर तरी पाठवून द्या. हिला स्वतःचं खातं उघडायचं आहे आणि ती आता आतल्या खोलीत बसून बघणार आहे. रुसलीय असं समजू नका, मीही तेच समजलो होतो. मी म्हणालो की शेजारी बसून बघू, माउस तू धर, मी तोंड उघडणार नाही. तर ती म्हणाली, तुमच्या तोंडाचं नाही हो, माझंच. तुम्ही शेजारी असलात की मला दिसलेलं मी तुम्हाला विचारते. कॉम्प्युटर सावकाश चालणारा असला तरी हरकत नाही. माउस नसला तरी चालेल, माझा देतो.